मोतीबाईच्या ओळींची जागा

सदस्या क्रमांक एकतीस. संपूर्ण नाव : मानीबाई सेवादास आडे. राहणार : धावजीनगर तांडा, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ. जन्मतारीख : एक जानेवारी (तांड्यातल्या तिच्या वयाच्या सगळ्यांचीच). शिक्षण : सही येते. व्यवसाय : गृहिणी, निंदण, कापसाची वेचणी, दोन बकऱ्या आणि एक नवरा हे 'गृहिणी'त धरलेले आहे. कामाचा प्रकार : हातशिलाईची गोधडी, नग एक. काम सुरू केल्याचा दिनांक : निश्चित नाही. सद्यस्थिती : पूर्ण. प्रमाणपत्र दिल्याचा दिनांक : सहा जानेवारी. शेरा : जिद्द अनुकरणीय, विनय जरा जास्त.

ही नोंद बोरी अरबच्या विमलताई गावंडे यांच्या वहीतली आहे. विमलताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. चौतीस वर्षे रोज हजेरी घेतलेल्या माणसाला एके दिवशी हजेरीच नसलेली सकाळ मिळाली की त्याचे काय होते, याचा अभ्यास अजून कोणी केलेला नाही. विमलताईंनी आठ महिने कळ काढली. मग त्यांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला आणि स्टेशनरीच्या दुकानातून एक दोनशे पानी वही आणली. दोन्हींपैकी वही आधी आली.

ग्रुपचे नाव 'रोज एक वीत'. निमित्त असे की निवृत्तीनंतर कपाट आवरताना विमलताईंना स्वतःच्याच हातची, आईच्या लुगड्यांची अर्धवट गोधडी सापडली. त्यांनी चार जणींना विचारले, तेव्हा चौघींच्याही कपाटावर, माळ्यावर, कणगीमागे अशीच एकेक निघाली. सगळ्यांनी ती कधी ना कधी मोठ्या हौसेने घेतली होती, आणि मग पोराची बारावी, सासूचे आजारपण, सोयाबीनची सोंगणी यांपैकी काहीतरी मधे आले होते. विमलताईंनी निदान केले : उत्साह मावळणे. उपाय : रोज एक वीतभर शिवायचे, जास्त नाही, पण वीतभर शिवायचेच. रविवारी सकाळी अकराच्या आत फोटो टाकायचा. फुलांचे फोटो आणि सुप्रभात टाकायचे नाही. हा शेवटचा नियम रोज सकाळी सातच्या आत मोडला जाई.

चेष्टा सोडली तर ग्रुप खरोखर चांगला होता. पुढे पुढे बावन्न जणी झाल्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी एकमेकींना डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पांढरकवड्याच्या पुष्पाने, जिचे हायवेवर जेवणाचे हॉटेल आहे, एकदा दारव्ह्याच्या एका म्हातारीसाठी दोरा ओवलेल्या शंभर सुया एका गादीच्या तुकड्यात टोचून एका ट्रकवाल्याबरोबर पाठवल्या. म्हातारीला सुईचे नेढे दिसत नसे, एवढाच तिचा अडसर होता. तिची गोधडी पूर्ण झाली तेव्हा साऱ्या जणींनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले आणि म्हातारीचा फोन बंद पडला.

मानीबाई या ग्रुपात आपणहून गेली नाही. तिची सून जया हिने तिला घातले. कारण मोतीबाई हैदराबादला गेल्यापासून मानीबाई रोज दुपारी एका गाठोड्याजवळ जाऊन बसे आणि उठून येई. गाठोडे सोडत नसे.

मोतीबाई ही मानीबाईची जेठानी, म्हणजे सेवादासच्या थोरल्या भावाची, किसनसिंगची, बायको. किसनसिंग वारून बारा वर्षे झाली. दोघींची घरे एकाच अंगणात, तोंडासमोर तोंड. तांड्यावर गोधडी एकटी बाई शिवत नाही. अंगणात कापडांचे थर पसरतात, जुनी लुगडी, धोतरे, फाटक्या फेटियांचे, म्हणजे त्यांच्या घेरदार घागऱ्यांचे तुकडे, आणि दोघी समोरासमोर बसतात. एक या कोपऱ्यातून सुरुवात करते, दुसरी तिच्या नेमक्या तिरप्या कोपऱ्यातून. दोघी एकाच दिशेने काठाकाठाने शिवत फिरतात आणि आत आत येतात. त्यामुळे एकीची ओळ, तिच्या आत दुसरीची ओळ, मग पुन्हा पहिलीची, अशी गोधडी मधोमध येऊन संपते. दुरून पाहणाऱ्याला एक बाई दुसरीचा पाठलाग करते आहे असे वाटे, आणि ते अगदीच खोटे नव्हते. दोघींनी दोन बाजूंनी ओढले की कापड सरकत नाही, असे याचे कारण सांगतात. हे कारण ऐकणाऱ्याला पटत नाही. बसायला कोणीतरी हवे असते म्हणून काढलेले ते निमित्त वाटते.

सव्वीस वर्षांत दोघींनी अशा अकरा गोधड्या शिवल्या. टाके कोणाचे ते आंधळ्यालाही बोटाने ओळखता यावे. मानीबाईचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, सरळ, एकासारखा एक. मोतीबाईचा लांब, तिरपा, घाईत असल्यासारखा. जेठानीला 'बाई' म्हणणारी मानीबाई म्हणे, बाई शिवत नाही, टाचते. मोतीबाई म्हणे, मानी गोधडी शिवत नाही, दाणे निवडते. ही सर्व भाषणे गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, होत. इथे ती वऱ्हाडीत उतरवली आहेत, कारण मूळ शब्दांतले काही छापता येण्यासारखे नाहीत.

दोघींचे फार सख्य होते असे मात्र कोणी समजू नये. एकदा मानीबाईच्या बकरीने मोतीबाईची वाळत घातलेली कांचळी, म्हणजे आरसे लावलेली चोळी, खाल्ली. बकरीच्या मालकिणीने आरोप नाकारला. त्यावर दोघींनी तीन वर्षे अबोला धरला. त्या तीन वर्षांत दोन गोधड्या झाल्या. दोघी नेमाने समोरासमोर बसत आणि जे सांगायचे ते गोधडीला सांगत. "गोदडे, कोणाजवळ कात्री असंन त सरकव म्हना." कात्री सरके. तिसऱ्या वर्षी बकरी मेली आणि बोलणे पुन्हा सुरू झाले. पहिले वाक्य बकरीबद्दलच होते आणि ते चांगले नव्हते.

बारावी गोधडी मोतीबाईच्या डोक्यातून निघाली. दोघींनी आपापली शेवटची फेटिया त्यात घालायची. मोतीबाईचा मुलगा बबलू हैदराबादला एका गोदामात गाड्या लावायच्या कामावर होता, त्याच्या पोराला सांभाळायला आईने यावे म्हणून मागे लागला होता. तिथे फेटिया घालून कोण हिंडणार होते? दोघींनी दोन दिवस बसून घागऱ्यांचे आरसे काढले, टोचू नयेत म्हणून. एक बाजू मोतीबाईच्या लालची, एक बाजू मानीबाईच्या हिरव्याची. गोधडी कोणाची, यावर वाद झाला. शेवटी ठरले की जी मागे राहील तिची. मोतीबाई म्हणाली, मीच राहतो मागं, तुले दमा हाये. मानीबाई म्हणाली, दम्याची माणसं लई जगतात, अंदाज घेऊन जगतात.

दोघींच्या नऊ-नऊ ओळी झाल्या तेव्हा बबलू गाडी घेऊन आला. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. मोतीबाईने सुई गोधडीतच टोचून ठेवली आणि गोधडी गुंडाळून मानीबाईच्या हातात दिली.

"होळीले येतो," ती म्हणाली. "राहू दे तशीच."

बबलूची गाडी पांढरकवड्याच्या दिशेने गेली. सेवादासने बायकोला सांगितले की मोतीभोजाई गेली, म्हणजे मागे तूच राहिली, म्हणजे गोधडी तुझी झाली. या विनोदावर त्याला दोन दिवस कोरडी भाकर मिळाली.

होळी आली. तांड्यावर होळी म्हणजे वर्षाचा सण. बाहेर कामाला गेलेलाही होळीला परततो. मोतीबाई आली नाही. नातवाला कांजिण्या होत्या. मग उन्हाळा होता. मग बबलूला सुटी नव्हती. मग कारणे देणे थांबले, कारण विचारणे थांबले होते.

जयाने सासूला ग्रुपात घातले ते त्या जूनमध्ये. विमलताईंनी वहीत नवे पान काढले आणि मानीबाईला फोन करून विचारले, अडचण काय आहे. मानीबाई म्हणाली, अडचण काही नाही, बाई येणार आहे. विमलताईंना अशी उत्तरे नवी नव्हती. त्यांच्या शाळेतली अर्धी मुले गृहपाठ न करण्याला असेच कोणाच्या तरी येण्या-जाण्याचे कारण देत. त्यांनी शांतपणे सांगितले, बाई येईल तेव्हा येईल, तुमच्या वाटचे तुम्ही करून ठेवा.

हे मानीबाईला पटले. गाठोडे सुटले. तिने आपली ओळ उचलली आणि मोतीबाईच्या ओळीची जागा, बोटभर, कोरी सोडून पुढे गेली. पहिल्या रविवारी जयाने फोटो टाकला. एकेचाळीस जणींनी काहीतरी पाठवले : अंगठे, टाळ्या, गुलाब, एक गणपती. जयाने एकेक वाचून दाखवले. 'काय सुंदर टाका आहे मानीबाई.' 'मशीन फिकी पडेल.' 'आमच्याकडे असे हात आता राहिले नाहीत.' मानीबाईच्या टाक्याबद्दल आजवर जे काही मत व्यक्त झाले होते ते मोतीबाईने केले होते, आणि त्यात दाणे निवडण्याचा उल्लेख असे. एकेचाळीस बायकांनी एकदम कौतुक करण्याची तिला सवय नव्हती. तिने जयाला ते पुन्हा वाचायला लावले.

मग ती थांबली नाही. रोज एक वीत. कधी दोन. आजारी पडली तर पुष्पाचा फोन येई, "काकू, आज वीत झाली कां? नसंन झाली त चार बोटं तरी करा, मी पण करून राह्यली." चार बोटे होत. मधूनमधून मानीबाई आवाजी निरोपात सांगे की मधल्या ओळी बाईच्या आहेत, त्या राहिल्या आहेत. कोणी म्हणे, हो हो. कोणी म्हणे, तुम्ही करू शकता. ग्रुपवर हे वाक्य कशालाही उत्तर म्हणून चाले.

दरम्यान जयाने मोतीबाईलाही, म्हणजे तिच्या सुनेच्या नंबराला, ग्रुपात घेतले. मोतीबाई लिहीत नसे, बोलत नसे. मानीबाईच्या प्रत्येक फोटोखाली हैदराबादहून एक अंगठा येई. मानीबाई तो अंगठा ओळखू लागली होती. सारे अंगठे सारखेच असतात हे जयाने दोनदा समजावले, पण उपयोग झाला नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिची बाविसावी ओळ गोधडीच्या मधोमध येऊन टेकली. फोटोत ती पूर्ण दिसत होती. काठापासून मध्यापर्यंत टाकेच टाके. फक्त ओळींमधले अंतर जरा जास्त, पण ती कोणाला नक्षी वाटली. विमलताईंनी वहीत लाल शाईने 'पूर्ण' लिहिले आणि दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र पाठवले. मानीबाईने निरोप पाठवला की पूर्ण नाही झाली, अर्धी झाली. विमलताईंनी त्याचा अर्थ लावून शेऱ्यात विनयाची भर घातली. सेवादास घाटंजीला बाजारात गेला तेव्हा त्याने प्रमाणपत्राची रंगीत प्रत काढून तिला प्लास्टिक चढवून आणले आणि देवळीशेजारी खिळा ठोकला. घरात याआधी प्लास्टिक चढवलेले फक्त रेशनकार्ड होते.

त्याच आठवड्यात मोतीबाईचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मॅक्सी घातलेली एक बाई दिसत होती. मानीबाईने आधी जयाला विचारले की ही कोण. मग आवाज आला.

"उजेडाकडं धर तिले."

मानीबाईने गोधडी उजेडाकडे धरली.

"आता दोन्ही कानं धरून झटक."

जयाने एक कोपरा धरला, मानीबाईने दुसरा, आणि झटकली. ओळींच्या मधले कापड पुरीसारखे फुगून वर आले आणि तसेच राहिले. मोतीबाईचा चेहरा पडद्याच्या जवळ आला.

"काय वं मानी, तू पुढं काहून गेली?"

"बसून काय करू? रोज एक वीत होती."

"ते संगं जायचं असते ना. तू तुह्या ओळी ओढून घेतल्या, आता मंधात मी सुई घातली त हे एवढं कापड जाईन कुठं? चुण्या पडतीन नुसत्या."

म्हणजे ते निमित्त वाटणारे कारण खरेच होते. मानीबाईला ते माहीत नव्हते असे नाही. सव्वीस वर्षे तिने ते नव्या सुनांना सांगितले होते. सहा महिने एकेचाळीस जणींच्या टाळ्यांत ते तिच्या ध्यानातून गेले. मोतीबाईसाठी जागा राखता राखता तिने मोतीबाईला शिरायला जागा ठेवली नव्हती.

"तू होळीले येतो म्हणे," ती म्हणाली.

मोतीबाईने फोन खाली नेला. पडद्यावर मॅक्सीचा काठ दिसला, तो वर सरकला, आणि दोन सुजलेले गुडघे दिसले. आवाज वरून कुठूनतरी येत होता.

"हे पाय पाह्य. खाली बसली त उठवाले दोघं लागतात. एक बबलू हाये. आली असती तरी गोदडीपाशी बसली असती कशी?"

"खाटेवर बसली असती."

"खाटेवर गोदडी शिवतात कां?"

"शिवू."

पलीकडे नातू रडू लागला. "पाहू होळीले," मोतीबाई म्हणाली, आणि पडद्यावर आधी छत, मग काहीच दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवसापासून मानीबाई उसवायला बसली. मध्यापासून काठाकडे, बाविसावी ओळ, मग एकविसावी. ज्वारीच्या दाण्याएवढा टाका घालायला जितका वेळ लागतो त्याहून काढायला जास्त लागतो, कारण तो सापडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला जेठानीच्या टाक्याचा गुण कळला. तो एका ओढीत निघाला असता. दोरा ती तोडत नव्हती. सोडवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळून ठेवत होती.

ग्रुपवर याच काळात तिचे नाव फार झाले. नव्या येणाऱ्या बायकांना विमलताई सांगत की मानीबाईंचे मार्गदर्शन घ्या. एका रविवारी त्यांनी मानीबाईला दोन शब्द बोलायला लावले. गोधडी मांडीवर होती, हातात टाचणी होती. मानीबाई म्हणाली, "रोज एक वीत करा. हात थांबू देऊ नका. नेम सोडला का मंग होत नाही." हे सारे खरे होते. ती रोज दोन विती करत होती, उलट दिशेने.

शेवटी जयाने न राहवून विमलताईंना सांगितले. विमलताईंचा फोन आला तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या. शाळेत कोणी सोडवलेले गणित पुसल्याचे त्यांनी पाहिले होते, पण ते चुकल्यावर.

"मानीबाई, काहून उसवलं? येवढं छान झालं होतं."

"बाईले जागा पायजे, ताई."

"पण ते येतीन कां?"

मानीबाईने विचारले, तुमच्या आईच्या लुगड्याच्या गोधडीत तुमची ओळ कोणती आणि आईची कोणती. विमलताई म्हणाल्या, आई गेल्यावर घेतली होती, सगळ्या माझ्याच. "मंग तुमची पूर्ण हाये," मानीबाई म्हणाली. विमलताईंनी फोन ठेवल्यावर वही उघडली. वहीत 'पूर्ण', 'प्रगतिपथावर' आणि 'प्रलंबित' असे तीन रकाने होते. त्यांनी बराच वेळ तिन्हींकडे पाहिले आणि वही मिटली. प्रमाणपत्राला क्रमांक पडलेला होता. आणि खरे सांगायचे तर 'प्रलंबित' हा शब्द आता त्यांच्याने लिहवेना.

तेराव्या ओळीचे दोरे निघाले त्या आठवड्यात ग्रुपवर मोतीबाईचा पहिला फोटो आला. नातवासाठी शिवलेली छोटी दुपटी, जेवणाच्या टेबलावर पसरलेली. ती तिने टेबलाशी खुर्चीवर बसून, एकटीने, तीन आठवड्यांत शिवली होती. अभिनंदनाचे हात आले. विमलताईंनी प्रमाणपत्र दिले आणि मार्गदर्शनपर एक सूचनाही केली : टाके एकसारखे नाहीत, एक ओळ लांब टाक्यांची आणि एक बारीक अशी झाली आहे, पुढच्या वेळी लक्ष द्यावे.

मानीबाईने जयाकडून फोन घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. लाल कापडावर एक ओळ तिरपी, लांब, घाईतली. तिच्या आत एक ओळ ज्वारीच्या दाण्यांची. पुन्हा लांब. पुन्हा दाणे. बारीक ओळी ठिकठिकाणी वाकड्या होत्या, एके जागी दोरा सुटून पुन्हा धरलेला होता. लांब टाक्याच्या हाताने जीव गोळा करून घातलेले ते टाके होते. ती फोटो सरकवत काठाने फिरत राहिली. मध्यापर्यंत आली. जयाला वाटले सासू आता रडते. तिने पाणी आणले.

"माझा टाका असा नसते," मानीबाई म्हणाली. "लईच बारीक केला तिनं. चिडवून राह्यली."

मग तिने त्या फोटोखाली अंगठा पाठवायला सांगितला. जयाने पाठवला. मानीबाईने विचारले की तो आपला आहे हे तिकडे ओळखू येईल कां. येईल, जया म्हणाली.

होळीच्या आधी दहा दिवस उसवणे संपले. नऊ तिच्या, नऊ मोतीबाईच्या, आणि मोतीबाईने टोचून ठेवलेली सुई होती तिथेच, जराशी गंजलेली. सेवादासने आपणहून दोन खाटांचे पाय कापले, म्हणजे बसणारीचे पाय जमिनीला नीट टेकावेत आणि मधे फळी टाकून गोधडी तिच्यावर पसरता यावी. त्याला कोणी सांगितले नव्हते. एक पाय चुकून जास्त कापला गेल्यामुळे त्याखाली वीट ठेवावी लागली. मानीबाईने खाटा अंगणात समोरासमोर मांडल्या, एका खाटेवर बसून पाहिले, मग उठून दुसरीवर बसून पाहिले, आणि तिथे थोडा वेळ बसली.

होळीच्या दिवशी हैदराबादकडून येणाऱ्या गाड्यांना पांढरकवड्याच्या फाट्यावर उतारू उतरवायची वेळ साधारण दुपारची. पुष्पाने हॉटेलातून दोनदा फोन करून कळवले की अजून नाही. तिला हे काम कोणी दिले नव्हते. ग्रुपातल्या बायका अशीच कामे करतात. तिसऱ्यांदा तिने फोन केला नाही. तांड्यावर लेंगीची, म्हणजे होळीची, गाणी सुरू झाली होती. मानीबाई फेर धरायला गेली, कारण न जाणे बरे दिसत नाही.

पाडव्याला विमलताईंनी ग्रुपचा वार्षिक अहवाल टाकला. सदस्य संख्या बावन्न. हाती घेतलेली कामे बावन्न. पूर्ण बावन्न. प्रलंबित निरंक. सर्व भगिनींच्या जिद्दीस व परस्पर सहकार्यास हे यश समर्पित.

मोतीबाई आलेली नाही.